शपथ घेतली ती कोणासाठी? अमेरिकेच्या लिझ चेनी यांची वाटचाल

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

बाहेरच्या देशांतल्या बायका राजकारणात कशा वावरतात, निवडून आल्यावर त्यांच्या वाट्याला काय येतं, ते एकदा सांगा, अशी मागणी आपल्या गटांकडून आली होती. म्हणून आज मी अमेरिकेच्या एका माजी खासदार बाईंची माहिती घेऊन आले आहे. त्यांचं नाव लिझ चेनी.

आधीच सांगते, या बाई गोरगरिबांच्या चळवळीतून वर आलेल्या नाहीत. घर मोठं, वडील सत्तेत, शिक्षण उत्तम. विचारांनी त्या परंपरावादी, म्हणजे अमेरिकेत ज्याला उजव्या बाजूचं राजकारण म्हणतात त्यातल्या. त्यांची पुष्कळशी मतं मला स्वतःला पटत नाहीत. तुमच्यातल्या काहींना पटतील, काहींना नाही. तरीही त्यांना निवडलं, कारण निवडून आलेल्या प्रत्येक बाईपुढे कधी ना कधी येणारा प्रश्न त्यांच्यापुढे फार मोठ्या रूपात येऊन उभा राहिला. ज्यांनी मत दिलं ते लोक एक म्हणताहेत, आपला पक्ष तेच म्हणतोय, आणि आपल्याला समोर खरं दिसतंय ते वेगळंच आहे. अशा वेळी कोणाचं ऐकायचं?

बायकांना आधी मत देणारं राज्य

लिझबाई ज्या राज्यातून निवडून आल्या त्याचं नाव वायोमिंग. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा हा डोंगराळ, मोकळा मुलूख. आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान, पण लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास. आपल्याकडे एका मोठ्या शहरात याहून जास्त माणसं राहतात. गुरं पाळणारे लोक, मोठमोठी कुरणं आणि कोळशाच्या खाणी. अमेरिकेत सगळ्यात जास्त कोळसा याच राज्यातून निघतो.

या राज्याची एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १० डिसेंबर १८६९ रोजी इथे कायदा झाला आणि बायकांना मताचा हक्क मिळाला. तेव्हा वायोमिंग अजून पूर्ण राज्यसुद्धा झालं नव्हतं. १८९० मध्ये ते राज्य झालं तेव्हाही बायकांचा हा हक्क त्याने सोडला नाही. साऱ्या अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं. म्हणजे वायोमिंगच्या बायका पन्नास वर्षं पुढे होत्या. अमेरिकेतल्या राज्याची पहिली बाई गव्हर्नरही इथलीच. नेली टेलो रॉस यांनी १९२५ मध्ये ते पद सांभाळलं.

आणखी एक गंमत ऐका. अमेरिकेच्या संसदेची दोन सभागृहं आहेत, सिनेट आणि प्रतिनिधिगृह. प्रतिनिधिगृह म्हणजे आपल्या लोकसभेसारखं. त्यात ४३५ खासदार मत देतात आणि त्यांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. लोकसंख्या कमी असल्याने वायोमिंगला त्यातली एकच जागा. त्या एका जागेवर १९९५ पासून सलग बायकाच निवडून आल्या आहेत. बार्बरा क्यूबिन, मग सिंथिया लुमिस, मग आपल्या आजच्या लिझ चेनी, आणि त्यांच्यानंतर हॅरिएट हेगमन. चौघीही रिपब्लिकन पक्षाच्या. आरक्षण नाही, राखीव जागा नाही. तेव्हा पुढची गोष्ट ऐकताना हे ध्यानात ठेवा. लिझबाईंना लोकांनी घरी बसवलं ते बाई म्हणून नव्हे, कारण दुसरं होतं.

वडिलांचं नाव आणि स्वतःचं काम

लिझ चेनी यांचा जन्म २८ जुलै १९६६ चा. वडील डिक चेनी. तेही याच जागेवरून १९७९ ते १९८९ अशी दहा वर्षं खासदार होते. पुढे संरक्षणमंत्री झाले आणि २००१ ते २००९ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. आई लिन चेनी लेखिका आणि अभ्यासक.

लिझबाईंनी पदवी घेतली, काही वर्षं सरकारी मदत खात्यात काम केलं, मग शिकागो विद्यापीठातून १९९६ मध्ये कायद्याचं शिक्षण पुरं केलं. लग्न झालं, पुढे पाच मुलं झाली. २००२ नंतर परराष्ट्र खात्यात त्यांनी मध्यपूर्वेतल्या देशांशी संबंधित मोठ्या पदांवर काम केलं. त्या वेळी वडील उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यामुळे घराण्याचा हात पाठीशी होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

२०१३ मध्ये त्यांनी सिनेटच्या जागेसाठी उडी घेतली, तीही स्वतःच्याच पक्षाच्या जुन्या सिनेटरविरुद्ध. त्या फार वर्षं राजधानीजवळ राहिलेल्या, आता मतांसाठी गावाला आल्या, असं वायोमिंगचे लोक म्हणू लागले. आपल्याकडेही निवडणुकीपुरतं गावात उगवणाऱ्यांना लोक असंच बोलतात. त्याच वेळी घरातही दुखावलं गेलं. त्यांची धाकटी बहीण मेरी हिने एका बाईशी लग्न केलेलं होतं, आणि लिझबाईंनी प्रचारात अशा लग्नाला आपला विरोध असल्याचं जाहीर सांगितलं. बहिणी-बहिणींमधली तेढ साऱ्या देशाने वर्तमानपत्रात वाचली. जानेवारी २०१४ मध्ये घरातल्या आजारपणाचं कारण सांगून त्यांनी माघार घेतली. पुढे २०२१ मध्ये, आपलं तेव्हाचं म्हणणं चुकलं होतं, असं त्यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं, आणि २०२२ मध्ये अशा लग्नांना संरक्षण देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने मतही दिलं.

२०१६ मध्ये त्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या आणि सहज निवडून आल्या. त्याच निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले.

खासदार म्हणून त्यांची भूमिका काय होती? कर कमी करा, कोळसा आणि तेलाच्या धंद्यावर बंधनं घालू नका, बंदूक बाळगायचा हक्क काढू नका, गर्भपाताला विरोध, आणि परदेशात अमेरिकेने लष्करी ताकद दाखवावी. २०१७ च्या मोठ्या करकपातीला त्यांनी मत दिलं. २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावर पहिला महाभियोग आला, तेव्हा त्यांनी ट्रम्प यांच्या बाजूनेच मत दिलं. ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत दहापैकी नऊ वेळांहून जास्त त्यांचं मत सरकारच्या बाजूने पडलं होतं.

जानेवारी २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकन खासदारांच्या गटात त्या तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्या झाल्या. त्या वेळी त्या पक्षाच्या बाई खासदार होत्या फक्त १३. एवढ्या पुरुषांमध्ये तिसरी खुर्ची मिळाली होती. आज ना उद्या प्रतिनिधिगृहाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे येईल असं लोक बोलत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या जवळजवळ ६९ टक्के मतांनी परत निवडून आल्या. सगळं छान चाललं होतं.

६ जानेवारीचा दिवस

त्याच नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि ट्रम्प हरले. जो बायडेन यांना आठ कोटींहून जास्त मतं पडली, ट्रम्प यांना सात कोटी चाळीस लाखांच्या वर. ट्रम्प यांनी हार मानली नाही. मतमोजणीत घोटाळा झाला, आपली निवडणूक चोरली, असं ते रोज सांगू लागले. त्यांच्या बाजूने साठच्या आसपास दावे कोर्टात गेले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. काही न्यायाधीश तर त्यांनीच नेमलेले होते. निकाल बदलेल एवढा घोटाळा आम्हाला आढळला नाही, असं त्यांच्याच सरकारच्या कायदेमंत्र्यांनी सांगितलं.

लिझबाई वकील. त्यांनी कोर्टांचे निकाल वाचले. संसदेला राज्यांनी दिलेला निकाल उलटवण्याचा अधिकार नाही, हे समजावून सांगणारं २१ पानांचं टिपण त्यांनी तयार केलं आणि जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला आपल्या पक्षाच्या खासदारांना वाटलं. ते टिपण पुष्कळांनी बाजूला ठेवलं.

६ जानेवारी २०२१ ला संसदेत निकालावर शेवटचं शिक्कामोर्तब व्हायचं होतं. सकाळी ट्रम्प यांनी जवळच सभा घेतली. भाषणात लिझ चेनी यांचं नाव घेऊन, असल्या कमजोर खासदारांना घालवलं पाहिजे, असं ते म्हणाले. त्यानंतर हजारोंचा जमाव संसदेच्या इमारतीवर चालून गेला. त्या इमारतीला कॅपिटॉल म्हणतात. दारं-खिडक्या फोडून लोक आत घुसले. खासदारांना सुरक्षित जागी हलवावं लागलं. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. तीन तासांहून जास्त वेळ ट्रम्प टीव्हीवर हे पाहत होते आणि त्यांनी जमावाला परत जायला सांगितलं नाही, असं पुढे चौकशीत पुढे आलं. रात्री इमारत मोकळी झाल्यावर संसद पुन्हा बसली आणि पहाटेपर्यंत काम करून बायडेन यांचा विजय नोंदवला गेला. एवढं झाल्यावरही १४७ रिपब्लिकन खासदार आणि सिनेटरांनी निकालावर आक्षेप घेणारं मत दिलं. लिझबाई त्यांत नव्हत्या.

आठवड्याभरात, १३ जानेवारीला, ट्रम्प यांच्यावर दुसरा महाभियोग आला. महाभियोग म्हणजे राष्ट्राध्यक्षावर संसदेने ठेवलेला आरोप. आदल्या दिवशी लिझबाईंनी निवेदन काढलं. अमेरिकेच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने आपल्या पदाचा आणि शपथेचा इतका मोठा विश्वासघात कधी केला नव्हता, असा त्याचा अर्थ होता. प्रस्ताव २३२ विरुद्ध १९७ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकन पक्षाच्या फक्त दहा खासदारांनी त्याच्या बाजूने मत दिलं. त्या दहांत सगळ्यात मोठ्या पदावर लिझबाई होत्या. पुढे सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं पडली नाहीत आणि ट्रम्प सुटले.

इथे एक फरक सांगायला हवा. आपल्या देशात पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडून खासदाराने मत दिलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याची खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं तरी खासदारकी शाबूत राहते. पण शिक्षा होत नाही असं नाही. ती दुसऱ्या वाटेने येते.

चिठ्ठी आणि आवाज

पहिली शिक्षा घरच्या राज्यातून आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये वायोमिंगच्या रिपब्लिकन पक्षाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला.

राजधानीत त्यांचं नेतेपद काढायची मागणी झाली. ३ फेब्रुवारीला खासदारांच्या गटाने गुप्त मतदान घेतलं. १४५ जणांनी त्यांना ठेवा म्हटलं, ६१ जणांनी काढा म्हटलं. पद वाचलं.

पण लिझबाई गप्प बसल्या नाहीत. निवडणूक चोरली हे खोटं आहे, असं त्या विचारलं की सांगत राहिल्या. सहकारी म्हणू लागले, बाई, झालं ते झालं, आता पुढचं बघा, तुमच्यामुळे पक्षात फूट दिसते. ११ मेच्या रात्री त्या जवळजवळ रिकाम्या सभागृहात बोलायला उभ्या राहिल्या. गप्प राहून खोट्याकडे दुर्लक्ष केलं की खोटं बोलणाऱ्याची हिंमत वाढते, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गटाची बैठक झाली आणि आवाजी मताने काही मिनिटांत त्यांना पदावरून काढलं. त्यांच्या जागी एलिस स्टेफानिक या दुसऱ्या बाई खासदार आल्या.

मैत्रिणींनो, या दोन मतदानांकडे जरा नीट बघा. फेब्रुवारीत चिठ्ठी होती, कोणी काय लिहिलं ते दिसत नव्हतं, तेव्हा बहुमत बाईंच्या बाजूचं. मे महिन्यात आवाज होता, कोण कोणाच्या बाजूने बोलतो ते शेजारच्याला ऐकू येत होतं, तेव्हा बाजू उलटली. मधल्या तीन महिन्यांत काही जणांची मतं खरंच बदललीही असतील. पण मनात एक आणि तोंडाने एक, हे तिकडच्या शिकल्या-सवरल्या खासदारांनाही चुकलं नाही असंच वाटतं.

चौकशी समिती

२०२१ च्या जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाने ६ जानेवारीच्या हल्ल्याची चौकशी करायला नऊ जणांची समिती नेमली. सात जण डेमोक्रॅटिक पक्षाचे, दोघे रिपब्लिकन. लिझ चेनी आणि ॲडम किन्झिंगर. अध्यक्ष होते मिसिसिपी राज्याचे बेनी थॉम्पसन. ते डेमोक्रॅट, कृष्णवर्णीय, आयुष्यभर समान हक्कांसाठी काम केलेले. लिझबाई उपाध्यक्ष झाल्या. जवळपास कुठल्याच प्रश्नावर या दोघांचं पटत नव्हतं. पण या एका कामात दोघं शेजारी बसले.

समितीने हजारावर साक्षीदारांशी बोलणं केलं. जून २०२२ पासून जाहीर सुनावण्या झाल्या, टीव्हीवर कोट्यवधी लोकांनी पाहिल्या. समितीने पुढे आणलेले बरेचसे साक्षीदार ट्रम्प यांच्याच बाजूचे होते. त्यांचे कायदेमंत्री, त्यांचे वकील, त्यांच्या कचेरीतली माणसं, त्यांची मुलगीसुद्धा. विरोधकांचं राहू द्या, घरची माणसं काय सांगतात ते ऐका, अशी ती रीत होती.

दोन साक्षी मला खास सांगाव्याशा वाटतात, कारण त्या बायकांच्या आहेत. कॅसिडी हचिन्सन ही पंचविशीतली मुलगी. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याची मदतनीस. त्या दिवशी आत काय चाललं होतं, ते तिने शपथेवर सांगितलं. तिच्याहून कितीतरी मोठे पुरुष साक्षीला यायला तयार नव्हते. साक्ष संपल्यावर लिझबाईंनी पुढे होऊन तिला जवळ घेतलं.

दुसरी साक्ष जॉर्जिया राज्यातल्या आई-लेकीची. दोघी कृष्णवर्णीय, निवडणुकीच्या दिवसांत मतपत्रिका मोजायचं काम करणाऱ्या. आपल्याकडे अंगणवाडीताई, शिक्षिका निवडणुकीच्या कामाला जातात तशाच म्हणा. या दोघींनी खोट्या मतपत्रिका मोजल्या, असा आरोप ट्रम्प आणि त्यांच्या वकिलांनी नाव घेऊन केला. आरोप खोटा होता. पण धमक्या सुरू झाल्या. आईला घर सोडून राहावं लागलं. स्वतःचं नाव घ्यायची भीती वाटते, असं त्या माउलीने सांगितलं. मोठ्या माणसाने वर बसून एक खोटं बोललं, तर त्याची किंमत खाली काम करणारी साधी बाई कशी मोजते, ते यातून कळतं. पुढे कोर्टाने त्या वकिलाला या दोघींना मोठी नुकसानभरपाई द्यायला लावली.

पहिल्याच सुनावणीत लिझबाई आपल्या पक्षाच्या सहकाऱ्यांना उद्देशून बोलल्या. एक दिवस ट्रम्प नसतील, पण तुम्हाला लागलेला कलंक तसाच राहील, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. कठोर होतं, आणि ते विसरलं गेलं नाही.

लोकांचा निकाल

आता शिक्षेची दुसरी वाट. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो. कोणाला द्यायचं ते वर ठरतं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायलाच आधी एक निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. तिथे त्या पक्षाकडे कल असलेले मतदार आपला उमेदवार निवडतात. वायोमिंगमध्ये रिपब्लिकन पक्षाचा जोर इतका, की ही प्रायमरी जिंकली म्हणजे खासदारकी मिळाल्यातच जमा. २०२० मध्ये लिझबाईंनी ती ७३ टक्के मतांनी जिंकली होती.

पण हेच ते राज्य, जिथे २०२० मध्ये ट्रम्प यांना जवळजवळ ७० टक्के मतं मिळाली. साऱ्या अमेरिकेत त्यांना इतका पाठिंबा दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हता. ट्रम्प यांनी हॅरिएट हेगमन या वकील बाईंना लिझबाईंविरुद्ध उभं केलं. हेगमनबाई वायोमिंगच्याच, शेती आणि गुरांच्या घरातल्या. एकेकाळी त्या लिझबाईंच्या समर्थक होत्या.

धमक्यांमुळे लिझबाईंना पोलिसांचं संरक्षण घेऊन फिरावं लागे. मोठ्या सभा घेणं अवघड झालं. कोणाच्या घरी, थोड्या लोकांत प्रचार करावा लागला. १६ ऑगस्ट २०२२ ला निकाल लागला. हेगमन यांना ६६ टक्क्यांच्या वर मतं, लिझबाईंना २९ टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी ७३, आता २९.

त्या रात्रीच्या भाषणात त्यांनी हार मान्य केली आणि विरोधी उमेदवाराला फोन केल्याचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीइतकी मतं मला याही वेळी मिळाली असती, वाट सोपी होती, पण त्यासाठी निवडणुकीबद्दलचं खोटं मान्य करावं लागलं असतं, असं त्यांनी म्हटलं. पराभव झाला की तो मान्य करायचा, ही गोष्ट त्यांनी करून दाखवली. ज्या गोष्टीसाठी त्या दीड वर्ष भांडत होत्या, ती हीच तर होती.

महाभियोगाला मत देणाऱ्या त्या दहा रिपब्लिकन खासदारांचं काय झालं, तेही ऐका. चौघांनी परत निवडणूक लढवली नाही, चौघे प्रायमरीत हरले, आणि फक्त दोघे परत निवडून आले.

डिसेंबर २०२२ मध्ये समितीने आठशेच्या वर पानांचा अहवाल दिला आणि ट्रम्प यांच्यावर फौजदारी कारवाई व्हावी अशी शिफारस केली. जानेवारी २०२३ मध्ये लिझबाईंची खासदारकी संपली. त्यांनी या काळावर एक पुस्तक लिहिलं, विद्यापीठात शिकवायला लागल्या. २०२४ च्या निवडणुकीत त्यांनी दुसऱ्या पक्षाच्या कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला. या त्याच कमलाबाई, ज्यांची आई आपल्या तमिळनाडूतली. दोघी एका व्यासपीठावर आल्या. तरीही ट्रम्प जिंकले. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी जाताजाता लिझबाईंना नागरिक पदक दिलं. ट्रम्प यांनी सत्तेवर येताच, त्याच दिवशी, ६ जानेवारीच्या हल्ल्यातल्या सुमारे पंधराशे लोकांना माफी दिली.

म्हणजे ही गोष्ट सत्याचा विजय झाला म्हणून संपत नाही. पद गेलं, खासदारकी गेली, पक्ष गेला, आणि ज्यांना त्यांनी विरोध केला ते परत राष्ट्राध्यक्ष झाले.

दुसरी बाजूही ऐकू या

वायोमिंगच्या लोकांना नुसतं दोष देऊन चालणार नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही तुम्हाला कोळशाच्या खाणी, कुरणं, आमचे प्रश्न यासाठी पाठवलं. आमच्यातल्या दहापैकी सात जणांनी ट्रम्प यांना मत दिलं. तुम्ही आमच्या वतीने त्यांच्याविरुद्ध कशा उभ्या राहता? प्रतिनिधीने लोकांच्या मनातलं बोलायचं की स्वतःच्या? हा प्रश्न खोटा नाही.

आणखी काही लोक म्हणतात, खऱ्या-खोट्याची भाषा या घराण्याने करावी का? २००३ मध्ये इराकवर युद्ध पुकारताना तिथे महाविनाशक अस्त्रं असल्याचं सांगितलं गेलं. त्या सरकारात डिक चेनी उपराष्ट्राध्यक्ष होते. अस्त्रं सापडली नाहीत, माणसं मात्र लाखांनी मेली. लिझबाईंनी त्या युद्धाची बाजू घेतली. कैद्यांच्या तोंडावर पाणी ओतून चौकशी करण्याच्या क्रूर पद्धतीचंही समर्थन केलं. शिवाय ट्रम्प यांच्यासोबत चार वर्षं त्या चालल्याच होत्या. हे सगळं खरं आहे, आणि ते झाकून त्यांचा नुसता गौरव करावा असं मी म्हणणार नाही.

मग त्यांच्याकडून घ्यायचं काय? मला वाटतं, एकच गोष्ट. अमेरिकेचा खासदार शपथ घेतो ती संविधानाचं रक्षण करण्याची. त्या शपथेत ना पक्षाचं नाव असतं, ना नेत्याचं. लोकांची मागणी रस्त्याची असेल, कराची असेल, खाणीची असेल, तर लोक म्हणतील तसं मत द्यावं. लिझबाई तसं देतही होत्या. पण मतं किती पडली, हा आवडी-निवडीचा प्रश्न नाही. मोजलेलं मोजलेलं असतं. बहुसंख्य लोकांना वेगळं वाटलं म्हणून आकडा बदलत नाही. आणि ज्या मतमोजणीने आपण स्वतः निवडून येतो, तीच खोटी ठरवली तर पुढच्या वेळी मत द्यायला तरी का जायचं?

आपल्या गटात पंचसूत्री आहे. त्यातलं एक सूत्र नोंदी नीट ठेवण्याचं. समजा, गटातल्या सगळ्यांच्या आवडत्या, सगळ्यांच्या अडीनडीला धावणाऱ्या अध्यक्षबाईंनी सांगितलं, की परतफेड झाली नाही तरी झाली असं लिही. नऊ जणी म्हणाल्या, लिहून टाक, कशाला वाईटपणा घ्यायचा. दहावी सचिव आहे, वही तिच्या हातात आहे. गटाचा निर्णय बहुमताने व्हावा हे खरं. पण वहीतला आकडा बहुमताने ठरतो का?

पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जाचं काम झालं की दहा मिनिटं काढा आणि या दोन प्रश्नांवर बोला. पहिला, निवडून दिलेल्या बाईने आपलं प्रत्येक म्हणणं ऐकलंच पाहिजे का, आणि कुठे ऐकू नये? दुसरा, एखादी जण एकटी पडून खरं बोलत असेल, तर चिठ्ठीत तिच्या बाजूने लिहिणाऱ्या आपण हात वर करायची वेळ आल्यावर काय करतो?

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते रेडिओ केंद्रावर जरूर कळवा. एकमत झालं नाही तरी कळवा.